वहीच्या ७२ फोटोंची एक पीडीएफ: छपाईची वेगळी, व्हॉट्सअ‍ॅपची वेगळी

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावातल्या भजनी मंडळाची हाताने लिहिलेली जुनी वही आहे. तिच्या ७२ पानांचे फोटो मोबाइलवर काढून झालेत. त्यांची एक पीडीएफ करून २५ प्रती छापायच्या आहेत आणि मुंबई-पुण्याला गेलेल्या मंडळींना तीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची आहे. एका फुकट वेबसाइटवर फोटो जोडून बघितले, तर फाइल जवळजवळ २९० एमबीची झाली, चार पानं आडवी आली, एक नंबरच्या पानानंतर थेट दहा नंबरचं पान आलं, आणि नमुन्याला दोन पानं छापली तर कागद राखाडी, अक्षर पुसट. शिवाय अशा ऑनलाइन साइटवर फोटो चढवावेत का, हेही विचारलंय.

माझं साताऱ्यात झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, एकोणीस वर्षं झाली. या चारही तक्रारी माझ्या काउंटरवर रोजच्या आहेत. प्रत्येकीचं कारण वेगळं, पण आधी एक मूळ गोष्ट. फोटोला माप नसतं. फोटो म्हणजे आडवे इतके ठिपके, उभे इतके ठिपके, बस्स. पीडीएफच्या पानाला मात्र माप असतं: ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. बिनमापाची वस्तू मापाच्या पानावर कशी बसवायची हे तुम्ही सांगितलं नाही, तर सॉफ्टवेअर आपल्या मनाने ठरवतं. आणि त्याचं मन तुमच्या वहीत नसतं.

आधी २९० एमबीचं बघू, कारण त्याला सगळे घाबरतात. त्या वेबसाइटने खरं तर काही चुकीचं केलेलं नाही. मोबाइलचा एक फोटो साधारण चार एमबीचा. बहात्तर चोक दोनशे अठ्ठ्याऐंशी. पीडीएफ हे पाकीट आहे. जेपेग फोटो त्यात जसाच्या तसा, पुन्हा न दाबता (दाबणं म्हणजे फाइल हलकी करणं) ठेवता येतो, आणि तिने तसाच ठेवला. माझ्या दृष्टीने हे चांगलंच. उलट जी साइट २९० एमबीचे फोटो घेऊन १२ एमबीची पीडीएफ हातात देते, तिने मधल्या मध्ये काय कापलं ते आपल्याला सांगितलेलं नसतं. जेपेग प्रत्येक वेळी नव्याने दाबला की अक्षराच्या कडेला मुंग्या आल्यासारखे डाग दिसू लागतात. म्हणून दाबायचं ते एकदाच, शेवटी, आणि आपण ठरवलेल्या मापाने.

आता ते माप. लेझर प्रिंटरवर हस्ताक्षर स्वच्छ यायला इंचाला ३०० ठिपके भरपूर झाले. ए-फोर पान ३०० च्या हिशोबाने २४८० बाय ३५०८ ठिपके होतं. १२ मेगापिक्सेलचा साधा फोटो ४००० बाय ३००० असतो. म्हणजे पान फोटोत नीट भरून घेतलं असेल, तर साध्या मोबाइलचा फोटोही छपाईला पुरून उरतो. ५० मेगापिक्सेल, १०८ मेगापिक्सेल असले मोड लावून काढलेले फोटो लोक पेनड्राइव्हवर घेऊन येतात; त्याने फाइल फुगते, अक्षर सुधारत नाही. अक्षर सुधारतं ते उजेडाने आणि हात स्थिर ठेवल्याने. फक्त वाचण्यासाठी, म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर, १५० चा हिशोब पुरतो: १२४० बाय १७५४.

तर पहिला निर्णय हाच की फाइल एक नाही, दोन करायच्या. एक छपाईची, जड, पेनड्राइव्हवरून दुकानात जाणारी. दुसरी हलकी, व्हॉट्सअ‍ॅपची. एकाच फाइलमध्ये दोन्ही साधायला गेलात की ती छपाईला हलकी पडते आणि पाठवायला जड.

तुमचे फोटो मी पाहिलेले नाहीत, पण कागद राखाडी छापला जातो म्हणताय, त्यावरून बहुधा ते घरात, ट्यूबलाइटखाली, वहीवर ओणवं होऊन काढलेत. डोळ्याला कागद पांढरा दिसतो, कॅमेऱ्याला तो राखाडीच दिसतो. एका बाजूला स्वतःच्या डोक्याची सावली. प्रिंटर बिचारा ते राखाडीपण इमानेइतबारे बारीक ठिपक्यांनी भरून काढतो, टोनर संपवतो, आणि त्या ठिपक्यांच्या जाळीत शाई हरवते.

जमत असेल तर फोटो पुन्हा काढा. ७२ पानांना पाऊण तास लागतो, आणि नंतरचे चार तास वाचतात. सकाळी दहाच्या सुमारास खिडकीपाशी बसा, पण थेट ऊन वहीवर नको. फोन वहीच्या अगदी जवळ नेऊ नका; दोन फूट वर धरा आणि झूम दुप्पट करा. जवळून काढलं की पानाच्या कडा बाहेरच्या बाजूला फुगल्यासारख्या येतात. आणि ज्या पानाचा फोटो काढताय त्याच्या मागे एक काळा कागद सरकवा. हे फार थोड्यांना माहीत असतं. जुन्या वहीचा कागद पातळ. मागच्या पानावरची शाई पुढे दिसते. मागे पांढरं पान असलं की ती जास्त उठते, काळा कागद असला की दबते. माझ्याकडे यासाठी फोटोच्या जुन्या अल्बममधलं एक काळं पान कायम ड्रॉवरमध्ये असतं.

आडव्या आलेल्या चार पानांची गंमत वेगळी आहे. फोन उभा धरला की आडवा, हे त्याला आतल्या सेन्सरवरून कळतं. वहीवर फोन सपाट, जमिनीला समांतर धरला की सेन्सरला उभं-आडवं समजेनासं होतं आणि तो काहीतरी ठरवून मोकळा होतो. शिवाय फोन बरेचदा चित्र खरोखर फिरवत नाही. ‘दाखवताना नव्वद अंश फिरवा’ एवढी चिठ्ठी फाइलला जोडतो. गॅलरी ती चिठ्ठी वाचते, म्हणून तुम्हाला फोटो सरळ दिसतो. पीडीएफ करणारी काही सॉफ्टवेअर वाचत नाहीत, म्हणून तिथे आडवा. उपाय असा: जोडण्याआधी असे फोटो गॅलरीत उघडायचे, क्रॉप करायच्या पडद्यावर जाऊन कडेची थोडी पट्टी कापायची आणि सेव्ह करायचं. बहुतेक फोन त्या वेळी चित्र पक्कं सरळ करून नव्याने लिहितात, चिठ्ठीची भानगड संपते. कडेचं टेबल कापलं जातं तो फायदा निराळा.

क्रम. वेबसाइटने १ नंतर १० लावलं, कारण तिने नावं बाराखडीसारखी, अक्षर-अक्षर करून लावली. १, १०, ११, १२… मग कुठेतरी २. तुम्ही विंडोजमध्ये सगळे फोटो निवडून एकदम नाव बदललंत का? विंडोज तसं केलं की नावापुढे कंसात १, २, ३ टाकतं, पुढे शून्य लावत नाही. गंमत म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या खिडकीत तो क्रम बरोबर दिसतो, कारण ते आकडा आकड्यासारखा वाचतं. बाहेर गेलं की फसतं. म्हणून नावं ०१, ०२, ०३ अशी हवीत, आणि पानं शंभरावर गेली तर ००१ पासून.

पण माझं खरं म्हणणं असं की नावं बदलूच नका. अँड्रॉइड फोनचा कॅमेरा बहुतेक वेळा फाइलच्या नावात तारीख, तास, मिनिट, सेकंद टाकतो. वही पहिल्या पानापासून ओळीने उलटत गेलात तर क्रम आपोआप लागलेला असतो आणि कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये टिकतो. एखादं पान राहिलं आणि नंतर काढलं, तर तेवढ्या एकाच फोटोला आधीच्या पानाचं नाव देऊन शेवटी एक अक्षर जोडा. एक काळजी घ्या: हे फोटो आधी व्हॉट्सअ‍ॅपने संगणकावर आणू नका. तिथून आले की कॅमेऱ्याचं नाव जातं, ज्या क्रमाने उतरले त्याचा नंबर लागतो, आणि फोटो म्हणून पाठवले असतील तर दाबलेही जातात. केबल लावा, किंवा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. डॉक्युमेंटला व्हॉट्सअ‍ॅप हात लावत नाही.

आयफोनवाल्यांसाठी एक ओळ. २०१७ पासून, म्हणजे आयओएस ११ पासून, आयफोन फोटो हीक नावाच्या प्रकारात साठवू शकतो आणि पुष्कळ जुन्या संगणकांना तो उघडत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की पुढचे फोटो जेपेगमध्ये येतात.

आता कागद पांढरा करायचं काम. याच टप्प्यावर लोक घाई करतात, आणि खरी मेहनत इथेच आहे. फोनमधल्या स्कॅन करणाऱ्या अ‍ॅपमध्ये ‘ब्लॅक अँड व्हाइट’ नावाचा फिल्टर असतो. कोर्टाच्या, बँकेच्या छापील कागदांना तो उत्तम. प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. फाइल इतकी हलकी होते की ३०० च्या हिशोबाने पूर्ण पान पन्नास केबीच्या आसपास बसतं. पण भजनाच्या वहीला तो लावू नका. तुमच्या वहीत अभंगाचं पहिलं चरण लाल शाईत असेल, वर कोपऱ्यात पेन्सिलने पेटीचे स्वर किंवा ताल लिहिलेला असेल. काळ्या-पांढऱ्याच्या निवाड्यात पेन्सिल सरळ पांढऱ्यात जाते. एका मंडळाच्या वहीचं हे मी स्वतः करून बसलोय. छपाई देखणी झाली आणि बुवा म्हणाले, ‘स्वर कुठे गेले?’ पुन्हा सगळं केलं, पैसे अर्थातच माझे.

तेव्हा ‘ग्रेस्केल’, म्हणजे करड्या छटा ठेवायच्या आणि फक्त पार्श्वभूमी पांढरी करायची. संगणकावर यासाठी मी स्कॅन टेलर अ‍ॅडव्हान्स्ड वापरतो. फुकट आहे, दिसायला रुक्ष आहे, आणि या कामात त्याला तोड नाही. फोटो आत घेतले की ते आधी अडवतं आणि ‘फिक्स डीपीआय’ म्हणून एक खिडकी पुढे करतं; डीपीआय म्हणजे इंचाला किती ठिपके. नवखा माणूस इथेच गोंधळतो. पण तो प्रश्न आपल्या मूळ मुद्द्याचाच आहे: या फोटोला माप नाही, ते सांगा. हिशोब सोपा आहे. वहीची उंची पट्टीने मोजा. समजा २४ सेंटीमीटर, म्हणजे साडेनऊ इंचांच्या किंचित आत. फोटोत पानाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत समजा ३८०० ठिपके आहेत. भागिले की साधारण ४०० येतात. ४०० भरा. आता त्या सॉफ्टवेअरला तुमची वही खरी किती मोठी आहे ते कळलं, आणि इथून पुढे मापाचा घोळ होणार नाही.

मग ते एकेक पायरी करून घेतं: पान फिरवायचं, उघडी वही असेल तर दोन पानं वेगळी करायची, तिरकं पान सरळ करायचं, मजकुराचा चौकोन ठरवायचा, समास सोडायचा. शेवटच्या पायरीत ‘कलर / ग्रेस्केल’ निवडा आणि ‘इक्वलाइज इल्युमिनेशन’वर टिक करा. सावलीचा पट्टा डोळ्यादेखत विरतो. मजकुराचा चौकोन मात्र प्रत्येक पानावर स्वतः बघा. कोपऱ्यातला पेन्सिलचा ताल तो कधी कधी डाग समजून बाहेर ठेवतो. बहात्तर पानांवर नजर फिरवायला पंधरा मिनिटं जातात, जाऊ देत. साफ झालेली पानं मग पुढे सांगितलेल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायची.

एवढं नको असेल, तर नॅप्सटू (NAPS2) नावाचं फुकट सॉफ्टवेअर बरं पडतं. ते मुळात स्कॅनरसाठी आहे, पण तयार फोटोही आत घेतं. सगळी पानं छोटी छोटी समोर मांडतं, ओढून मागे-पुढे करता येतात, फिरवता येतात, तिरकेपणा काढता येतो, उजळपणा वाढवता येतो, आणि ‘सेव्ह पीडीएफ’ दाबलं की एक फाइल. माझ्या दुकानातली मुलं रोजचं काम त्यावरच करतात.

विंडोजमध्ये काहीच न टाकता होतं का? होतं. फोटो निवडायचे, राइट क्लिक, ‘प्रिंट’, आणि प्रिंटरच्या जागी ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’. पण त्यात खड्डे आहेत. पंधरापेक्षा जास्त फाइल एकदम निवडल्या की त्या मेनूतून ‘प्रिंट’ हा शब्दच गायब होतो, आणि माणूस संगणक बिघडला म्हणून शोधत बसतो. ज्या फोटोवर राइट क्लिक केलं तो पहिला येतो, म्हणून क्लिक पहिल्याच फोटोवर करायचं. कागदाचं माप पुष्कळदा अमेरिकन ‘लेटर’ असतं, ते ए-फोर करायचं. आणि सगळ्यात घातक म्हणजे खाली कोपऱ्यातली ‘फिट पिक्चर टू फ्रेम’ची टिक. ती असली की फोटो पान पूर्ण भरेपर्यंत मोठा होतो. फोटोचं प्रमाण तीनास चार, ए-फोर त्याहून लांबुडकं. उंची भरायला गेलं की रुंदीत दोन्ही बाजूंनी सहा-सहा मिलिमीटर बाहेर जातं. सहा मिलिमीटर म्हणजे ओळीचं पहिलं अक्षर. ‘विठ्ठल’मधला ‘वि’ टेबलाखाली आणि पानावर ‘ठ्ठल’. ती टिक काढली की फोटो अख्खा बसतो, वर-खाली थोडी पांढरी पट्टी राहते, राहू दे.

मॅक असेल तर फाइंडरमध्ये फोटो निवडून राइट क्लिक, क्विक अ‍ॅक्शन्स, ‘क्रिएट पीडीएफ’. क्रम बिघडला तर प्रीव्ह्यूमध्ये कडेच्या छोट्या पानांना ओढून लावायचं. आयफोनच्या फाइल्स अ‍ॅपमध्येही ‘क्रिएट पीडीएफ’ आहे. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हचं स्कॅन बटण पानामागून पान घेऊन एकच पीडीएफ करतं; फोटो पुन्हाच काढणार असाल तर थेट त्यातच काढायला हरकत नाही. लिनक्सवाल्यांनी इमेजटूपीडीएफ (img2pdf) हे सॉफ्टवेअर वापरावं: जेपेगला हात न लावता पाकिटात घालतं, फक्त पानाचं माप ए-फोर आहे हे सांगायला विसरू नका. वर्डमध्ये फोटो चिकटवून पीडीएफ करणारे पुष्कळ आहेत. दोन-चार फोटोंना ठीक, पण वर्ड सेव्ह करताना फोटो गुपचूप २२० च्या हिशोबावर आणतं आणि बाहत्तराव्या पानापर्यंत संगणक रडकुंडीला येतो.

माप न सांगता पीडीएफ केली की काय होतं ते एकदा आकड्यात बघा. ४००० ठिपक्यांचा फोटो काही सॉफ्टवेअर इंचाला ७२ ठिपके धरून मांडतात. ४००० भागिले ७२, म्हणजे साडेपंचावन्न इंच. एकशे एकेचाळीस सेंटीमीटर उंचीचं पान! पडद्यावर काही कळत नाही, कारण पडदा सगळं लहान करून दाखवतो. दुकानात फाइल उघडली आणि पानाचं माप बघितलं की कळतं, चार फुटांहून उंच भजन आलंय. पीडीएफ रीडरमध्ये फाइलची ‘प्रॉपर्टीज’ उघडून पेज साइज वाचायची सवय लावा. तिथे २१० बाय २९७ दिसलं की निम्मं काम झालं.

आता छपाई, आणि इथे मी थोडा आग्रही आहे. प्रत्येक मंडळ येतं आणि ‘छोटी पुस्तिका करा’ म्हणतं, म्हणजे ए-फोर कागद मधोमध दुमडून. हिशोबाला ती छान वाटते. तुमची ७२ पानं, त्यात मुखपृष्ठ, दोन पानं अनुक्रमणिका आणि शेवटी एक कोरं, म्हणजे ७६. दुमडलेल्या पुस्तिकेत पानं चारच्या पटीत लागतात, ७६ बसतं. एका प्रतीला १९ कागद, २५ प्रतींना ४७५. पाचशेच्या एका रिममध्ये काम खलास.

पण वही १८ बाय २४ सेंटीमीटरची असेल, तर अर्ध्या ए-फोरवर समास सोडून अक्षर मूळच्या साधारण तीन-चतुर्थांश होतं. ते वाचणार कोण? जमिनीवर मांडी घालून बसलेले, समोर दोन हात अंतरावर पुस्तक ठेवलेले, एका हातात टाळ, साठीच्या पुढचे लोक, देवळातल्या एका दिव्याखाली. म्हणून मी अख्ख्या ए-फोरवर, मूळ मापातच छापायला सांगेन. १८ सेंटीमीटरची वही २१ सेंटीमीटरच्या कागदावर ठेवली की ३ सेंटीमीटर उरतात: दोन बांधणीच्या बाजूला, एक बाहेर. पाठपोट छापून एका प्रतीला ३८ कागद, सगळे मिळून ९५०, दोन रिम. कागद दुप्पट लागतो हे खरं. पण स्पायरल लावली की पुस्तक उघडं सपाट पडून राहतं, टाळ धरलेल्या हाताने पान दाबून ठेवावं लागत नाही. स्टेपल मारलेली पुस्तिका दर कडव्याला मिटते.

दुकानात गेल्यावर सांगायच्या गोष्टी: ‘फिट’ नको, ‘अ‍ॅक्चुअल साइज’ करा. पाठपोटला ‘लाँग एज’वर उलटवा, नाहीतर मागचं पान डोक्यावर उभं येतं. कागद ८० जीएसएमचा घ्या; जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप. ७० चा स्वस्त पडतो, पण पाठपोट छपाईत मागचं दिसतं, आणि मागचं दिसू नये म्हणून तर आपण काळा कागद सरकवला होता. बांधणीचा समास समोरच्या पानावर डावीकडे आणि मागच्या पानावर उजवीकडे हवा. स्कॅन टेलरमध्ये तो आधीच पानागणिक सोडता येतो. दुकानदाराच्या भरवशावर ठेवलंत तर निम्म्या पानांत स्पायरलची भोकं अक्षरावर पडतील. दुकानदार म्हणूनच सांगतोय.

व्हॉट्सअ‍ॅपची फाइल आता सोपी आहे. तीच साफ केलेली पानं १५० च्या हिशोबाने, मध्यम दर्जाच्या जेपेगमध्ये काढली की एक पान साधारण २०० केबी, बहात्तर पानं १४-१५ एमबी. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून. ईमेलने पाठवायची तर जीमेलची २५ एमबीची मर्यादा आहे, पण ईमेलमध्ये जाताना फाइल एक-तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या आत ठेवा. फाइलला नाव द्या. ‘स्कॅन नवीन फायनल २’ नव्हे, मंडळाचं नाव आणि वर्ष.

‘जोरात दाबणारी’ सॉफ्टवेअर वापरताना एक जुनी गोष्ट लक्षात असू द्या. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलतात. इमारतीच्या नकाशावर खोल्यांची क्षेत्रफळं बदललेली, तक्त्यांमध्ये ६ च्या जागी ८. कारण दाबण्याची पद्धत: सारखी दिसणारी अक्षरं एकच धरायची आणि एकाचा ठसा दुसऱ्याच्या जागी मारायचा. फाइल हलकी होते, पान स्वच्छ दिसतं, आणि आकडा खोटा असतो. कंपनीने नंतर दुरुस्ती दिली. पुसट फोटोत अक्षर धूसर होतं, निदान शंका तरी येते. इथे शंकाच येत नाही. आपल्याकडे फोटोकॉपीलाच झेरॉक्स म्हणतात, म्हणून ही गोष्ट मी दुकानातल्या मुलांना पहिल्या आठवड्यात सांगतो.

ऑनलाइन साइटबद्दल विचारलंय. अभंग कुणी वाचले तर पुण्यच आहे, बिनधास्त चढवा. पण त्याच सवयीने लोक आधार, पॅन, पासबुक चढवतात, ते करू नका. ती कागदपत्रं वर सांगितलेल्या संगणकावरच्या किंवा फोनमधल्या सोयीने जोडा. कॅमस्कॅनर हे अ‍ॅप जून २०२० मध्ये भारत सरकारने बंदी घातलेल्या ५९ अ‍ॅपमध्ये होतं, तरी आजही कुठल्या तरी साइटवरून ते उतरवून वापरणारे भेटतात. आणि सातबारा किंवा डिजिलॉकरमधला दाखला मुळात पीडीएफच असतो. तो छापून, त्याचा फोटो काढून, पुन्हा पीडीएफ करणारे रोज येतात. त्यावरची डिजिटल सही त्या फोटोत मरते. दुसऱ्या पीडीएफला जोडली तरी ती पडताळता येत नाही. सहीची फाइल वेगळीच, जशीच्या तशी द्यायची.

अनुक्रमणिका मात्र टाइप करून घाला. फोटोतला मजकूर वाचून शोधता येईल असं करणारी सॉफ्टवेअर छापील मराठी बऱ्यापैकी वाचतात, पण बुवांच्या हातचं, जोडाक्षरांच्या शेपट्या ओढलेलं लेखन त्यांच्या आवाक्यातलं नाही. अभंगाचं पहिलं चरण आणि पान नंबर, दोन पानांत मावतं. त्यासाठी प्रत्येक पानाला खाली नंबर हवा. मुंबईतला माणूस फोनवर ‘एक्केचाळीस काढा’ म्हणाला की सगळ्यांचं पान एकच निघायला हवं, छापलेलंही आणि फोनमधलंही.

मूळ फोटो पुसू नका, काम झाल्यावरही. २५ प्रतींची ऑर्डर एकदम देऊ नका. एक प्रत काढा, स्पायरल लावा, आणि गुरुवारच्या भजनाला नेहमीच्या जागी, नेहमीच्या दिव्याखाली बुवांच्या पुढ्यात ठेवा. कुठल्या पानाला ते चश्मा वर-खाली करतात ते बघून नंबर लिहून घ्या. तेवढ्याच पानांचे फोटो पुन्हा काढा, फाइलमध्ये बदला, आणि मग बाकीच्या चोवीस सांगा.